रिफ्यूज्ड म्हंजी घरात माणूस हाय

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. वाचनात आलं तर लगेच फोन करतील, आणि त्यांचा फोन लवकर संपत नाही. शिवाय नाव लिहिलं की थोडी प्रसिद्धी होते. ती त्यांना माझ्या हातून मिळावी अशी माझी इच्छा नाही. सांगलीतल्या आमच्या ऑफिसात सगळे त्यांना आण्णा म्हणत. मी एकटा ‘साहेब’ म्हणत असे. वयानं ते माझ्यापेक्षा थोडे मोठे, पदानं बरोबरीचे. पण आण्णा म्हटलं की माणूस आपला होतो, आणि मला तो तसा करून घ्यायचा नव्हता.

आधी आमचं काम सांगतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी चढते, वजन होतं आणि तो आकडा काट्यावरच्या कॉम्प्युटरकडून आतल्या मुख्य कॉम्प्युटरकडे, म्हणजे सर्व्हरकडे जातो. हे दोन प्रोग्राम एकमेकांशी ज्या दारातून बोलतात त्याला सॉकेट म्हणतात. ते दार अडकलं की काट्यावर गाड्या तुंबतात, ट्रॅक्टरवाले शिव्या देतात आणि आमच्याकडे फोन येतो. अशी अडकलेली दारं मोकळी करायचं काम आण्णा यायच्या आधीपासून मी करत होतो. व्यवस्थित करत होतो. एकेक गोष्ट क्रमानं तपासायची, तपासली की खूण करायची, मग पुढची. वेळ लागतो, पण चूक होत नाही.

आण्णा मूळचे आटपाडीकडचे. एम.एस्सी. झालेले, पुण्यात मोठ्या कंपनीत नोकरी केलेले; हे दोन्ही ते पहिल्या भेटीतच सांगत, आणि समोरचा पुरेसा चकित झाला नाही तर पुन्हा सांगत. बोलणं मात्र असं, की हा माणूस आत्ताच आटपाडीच्या एसटीतून उतरलाय. मला ते मुद्दाम केलेलं वाटायचं. मी स्वतः फोनवर ‘नमस्कार, आपली अडचण सांगा’ असं म्हणतो. कारखान्यातले लोक मला ‘हो सर, हो सर’ करतात आणि निम्मी अडचण पोटात ठेवतात. आण्णांनी फोन घेतला की पलीकडचा काटेवाला स्वतःच्या सासुरवाडीपर्यंत सगळं सांगून मोकळा होई.

फोन आला की ते आधी उठून तोंड धुऊन येत. मग खुर्चीत मांडी घालून बसत, खणातून भडंगाचा डबा काढत आणि समोरचा कॉम्प्युटर चालूही न करता सुरुवात करत.

“काय झालं रं?”

“आण्णा, बंद पडलंय बगा.”

“ते तुझं मत झालं. पडद्यावर काय लिवलंय?”

“कनेक्शन का कायतरी लिवलंय.”

“कायतरी न्हाई. एकेक अक्षर वाच. कोर्टाचा बेलिफ नोटीस वाचतो तसं.”

तो अडखळत इंग्रजी वाचे. आण्णा डोळे मिटून, भडंग चावत ऐकत. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ ऐकलं की त्यांचा चेहरा उजळे.

“मग चांगलं हाय की गड्या! रिफ्यूज्ड म्हंजी घरात माणूस हाय. त्यानं ‘न्हाई’ म्हटलंय, पर म्हटलंय तर खरं! टाइम्ड आउट आलं असतं तर वायली गोष्ट. तवा घरच सापडत नसतंय, न्हाईतर वाटंत कुणीतरी अडवून धरलेलं असतंय.”

हे बरोबर आहे. मी तपासून पाहिलं आहे. त्या पत्त्यावरचा कॉम्प्युटर जागा असतो, पण ज्या दारावर आपण थाप मारली त्या दारामागं आपलं ऐकणारा प्रोग्राम नसतो, तेव्हा रिफ्यूज्ड येतं. ऑफिसात नवीन येणाऱ्यांना मी हेच फळ्यावर चौकोन आणि बाण काढून शिकवत होतो. माझे चौकोन कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. ‘घरात माणूस हाय’ मात्र आजही ऑफिसात जो-तो म्हणतो, आणि म्हणताना आण्णांच्या आवाजात म्हणतो.

असंच पंगतीचं. प्रोग्राम बंद करून लगेच पुन्हा चालू केला की कधीकधी तो चालू होत नाही. जागा आधीच कुणीतरी वापरतंय, असा एरर येतो. काटेवाले घाबरून पुन्हापुन्हा बटण दाबत बसतात. आण्णा त्यांना म्हणत, “लग्नात पंगत उठली म्हणून लगेच दुसरी बसती व्हय? उष्टी पानं उचलू दे की! आणि ध्येनात ठेव, जो आधी उठतो त्याचंच पान मागं ऱ्हातंय.” म्हणजे जो प्रोग्राम बोलणं आधी तोडतो, त्याचीच जागा थोडा वेळ अडून राहते. एकदा ऑफिसातल्या चौघांना डबे खाताना उठवून त्यांनी हे करूनही दाखवलं. डब्यातली आमटी कुणाच्या तरी शर्टावर सांडली, तरी सगळे हसत होते. मी माझ्या जागेवर जेवत होतो. मला बोलावलं नाही म्हणून नव्हे, बोलावलं होतं.

मला ते ‘दिवाणजी’ म्हणत. आमच्याकडं हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिणाऱ्याला दिवाणजी म्हणतात. “आवं दिवाणजी, तुमी एरर धरत न्हाई, एररची हजेरी घेता,” असं ते सगळ्यांसमोर म्हणाले होते. मीही हसलो. हसणं भाग होतं.

ते चुकत नसत असं नाही. एका कारखान्यात काट्याचं बोलणं मधेच तुटायचं. आण्णांनी शपथेवर सांगितलं की हे त्या कॉम्प्युटरमधल्या अँटिव्हायरसचं काम आहे. मी जाऊन क्रमानं पाहत गेलो आणि उंदरानं कुरतडलेली केबल शोधून काढली. हे यश निखळ माझं होतं. पण ऑफिसात परत आलो तर आण्णा दारातच उभे राहून सगळ्यांना सांगत होते, “मी अँटिव्हायरस अँटिव्हायरस म्हणत बोंबलतोय आणि तिथं उंदीरमामा भिंतीत बसून माझं भाषण ऐकतोय! दिवाणजींनी धरला बगा त्याला!” लोक पोट धरून हसले. माझं यश मी सांगितलं असतं त्यापेक्षा त्यांची चूक त्यांनी जास्त चांगली सांगितली. त्यानंतर ती गोष्ट त्यांचीच झाली. मी त्यात ‘उंदीर धरणारे दिवाणजी’ एवढाच उरलो.

इथवर मी सहन केलं असतं. ऑफिस ऑफिसच्या जागी असतं. पण माझी मुलगी कऱ्हाडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती, रोज रेल्वेनं जाऊन-येऊन करी. हंगामाच्या पहिल्या दिवशी एका कारखान्यावर मला जायचं होतं, तिला सुट्टी होती. मीच म्हटलं, “चल, माझं काम बघ.” हे मीच म्हटलं होतं.

काटापूजन झालं. गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली, पेढे वाटले गेले, आणि फुलांनी मढवलेली पहिली गाडी काट्यावर चढली. वजन आतमध्ये जाईना. पडद्यावर कनेक्शन रिफ्यूज्ड. चेअरमनसाहेब, संचालक मंडळी सगळी उभी. मागं ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत. मी मागच्या खोलीत सर्व्हर पाहिला, तर तो चालू. त्यातला आमचा प्रोग्राम पाहिला, तोही चालू. बंद करून पुन्हा चालू केला, काही फरक नाही. मग तारा पाहायला टेबलाखाली शिरलो. मुलगी मोबाइलचा टॉर्च धरून बसली होती.

“पप्पा, रिफ्यूज्ड म्हणजे नेमकं काय?”

“थांब जरा,” मी म्हणालो.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. कारखान्याच्या मॅनेजरनं मला न विचारता आण्णांना फोन केला होता. ते जवळच दुसऱ्या एका काट्यावर होते. ते आत आले, पेढा तोंडात टाकला आणि काटेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“आज नवीन काय केलं रं?”

“काय न्हाई आण्णा. पूजा तेवढी केली.”

“कुठनं सुरू केली पूजा?”

“मानानं केली की. आधी चेअरमनसायबांच्या केबिनातला कॉम्प्युटर, मग एमडीसायबांचा, मग शेती खात्याचा, मग काट्याचा.”

“आणि ह्यो मागल्या खोलीतला?”

“त्याला शेवटी. त्याला कोण बगतंय?”

“आणि बटणं?”

“कुक्कू लावायचं, फूल वाहायचं, बटण दाबायचं. एकेकाला.”

“म्हंजी चालूबी मानानंच केलं!” आण्णा असे हसायला लागले की पेढा ठसक्यानं बाहेर आला. मग ते माझ्याशी नाही, संचालकांशी नाही, माझ्या मुलीशी बोलायला लागले. “हे बग पोरी. ह्यो राउटर हाय, ह्यो येणाऱ्याला नंबर देतोय. जो आधी जागा झाला त्याला पयला नंबर. दरसाली हा गडी सकाळी मागली खोली आधी उघडायचा, म्हणून सर्व्हरला पयला नंबर मिळायचा. काटा त्याच नंबरला हाक मारायला शिकलाय. यंदा ह्यानं मान राखला आणि पयला नंबर गेला चेअरमनसायबांच्या केबिनात. आता काटा तिकडं वरडतोय, ‘वजन घ्या, वजन घ्या!’ आणि सायबांचा कॉम्प्युटर म्हणतोय, ‘आमी वजन घेत न्हाई. आमी फकस्त सही करतो!’”

चेअरमनसाहेब सगळ्यांत आधी हसले, त्यामुळं बाकीच्यांनाही हसता आलं. माझी मुलगी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. टॉर्च अजून माझ्यावरच होता, कारण मी अजून टेबलाखाली होतो.

त्या सर्व्हरला कायमचा नंबर नंतर मी बांधून दिला. जो आधी जागा होईल त्याला मिळणारा नव्हे, पक्का. आमच्या आधी ज्यानं कुणी ती जोडणी केली होती त्यानंच हे करायला हवं होतं. मी बांधल्यापासून तो नंबर हललेला नाही. पण मी ते करत होतो तेव्हा बाहेर फोटो काढणं चाललं होतं. त्या फोटोत आण्णा आहेत, काटेवाला आहे आणि मधोमध माझी मुलगी आहे.

परतताना गाडीत ती म्हणाली, “पप्पा, आण्णा काय भारी आहेत!”

“रिफ्यूज्डचा अर्थ मी तुला सांगणारच होतो.”

“हो, पण तुम्ही थांब म्हणालात ना.”

त्या दिवसापासून आमच्या घरात ‘आण्णा म्हणाले’ सुरू झालं. वरणात हिंग कमी आहे इथपासून मोबाइल कोणता घ्यावा इथपर्यंत आण्णांचं मत येऊ लागलं. रविवारी ती त्यांना फोन लावून गच्चीवर जाई. मी खाली पेपर वाचत बसे आणि वरून हसण्याचा आवाज येई. माझी इच्छा फार मोठी नव्हती. तिचं काही अडलं तर तिनं आधी मला विचारावं, एवढीच होती. तेच काम मी करतो, तेच मला येतं, आणि मी त्याच घरात राहतो.

बायकोला हे कळत होतं. ती म्हणाली, “अहो, तुम्हाला का विचारेल ती? तुम्हाला काही विचारलं की तुम्ही आधी तिची फाईलींची नावं नीट करायला लावता.”

“नावं नीट असायलाच हवीत.”

“मग बसा नावं घेऊन.”

शेवटच्या वर्षाला तिनं प्रोजेक्ट घेतलं. हळदीच्या गोदामातला दमटपणा मोजायचा आणि तो आकडा लॅपटॉपला पाठवायचा, अशी छोटी पेटी. कल्पना चांगली होती. पण आकडे चुकायला लागले. एकसष्ट आणि मग चौसष्ट पाठवले की पलीकडं कधी एकसष्ट-चौसष्ट मिळे, तर कधी दोन्ही चिकटून सहा हजार एकशे चौसष्ट. एवढा दमटपणा कृष्णेच्या तळालासुद्धा नसेल. जेवताना मी तिचा चेहरा पाहून विचारलं, आणि तिनं सांगितलं. मी एका वाक्यात उत्तर दिलं, “प्रत्येक आकड्याच्या आधी त्याची लांबी पाठव आणि पलीकडं तेवढंच वाच.” ती “हं” म्हणाली आणि भाजी वाढून घेतली.

पुढच्या रविवारी ती गच्चीवरून धावत खाली आली. “पप्पा, सापडलं! आण्णा म्हणाले, गुऱ्हाळात चरकाच्या नळीत तू घागरीनं रस ओतलास, तरी पलीकडं घागरी निघत नाहीत, धार निघते. नळीत घागरी राहत नाहीत, रस राहतो! घागर-घागर वेगळी हवी असेल तर तोंडाशी माप लावून बसायचं. म्हणजे प्रत्येक आकड्याच्या आधी त्याची लांबी, किती अंकांचा ते, पाठवायची!”

मी बायकोकडं पाहिलं. बायको दुसरीकडं पाहत होती.

माझं वाक्य बरोबर होतं. त्यात एक शब्द जास्त नव्हता, एक कमी नव्हता. आण्णांनी त्यात रस, घागर, चरक, नळी आणि माप एवढं घातलं, आणि ते तिच्या डोक्यात गेलं. हा अन्याय आहे असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

कऱ्हाडला कॉलेजात प्रोजेक्टचं प्रदर्शन होतं. पालकांना आमंत्रण होतं. तिनं आण्णांनाही बोलावलं. मी रजा काढली होती. आण्णांनी रजा काढली नव्हती, तरी आले. हॉलमध्ये ओळीनं टेबलं मांडलेली, परीक्षक एकेका टेबलाशी थांबत पुढं येत होते. आम्ही दोघं तिच्या टेबलामागच्या खुर्च्यांवर शेजारीशेजारी बसलो होतो. आण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांना इस्त्रीत मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

परीक्षक दोन टेबलं पलीकडं होते तेव्हा तिनं पेटी सुरू केली. लॅपटॉपवर काही येईना. तिनं बटण पुन्हा दाबलं. त्याच क्षणी आण्णा उठले आणि हॉलमधून बाहेर गेले.

मी पुढं वाकून पडदा पाहिला. टाइम्ड आउट. घरी चालत होतं, इथं नाही. फरक एकच, इथं पेटी आणि लॅपटॉप दोन्ही कॉलेजच्या वायफायवर होते. अशा मोठ्या वायफायवर बऱ्याचदा एका पाहुण्याला दुसऱ्या पाहुण्याशी बोलू देत नाहीत. दोन्ही एखाद्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतले की काम झालं. मला हे लगेच दिसलं. आण्णा तिथं नव्हते, मी होतो. ज्याची मी वर्षभर वाट पाहत होतो ती वेळ हीच. मी खिशातून मोबाइल काढून उभा राहिलो.

“पप्पा, नको,” ती मागं न बघता म्हणाली. “काही सांगू नका. बसा.”

मी बसलो. परीक्षक शेजारच्या टेबलाशी आले होते. तिचा कान लाल झालेला मला मागून दिसत होता. लहानपणी ताप आला की व्हायचा तसा. ती पडद्याकडं बघत ओठ हलवत होती. मग तिनं मान वर केली, भिंतीवर चिकटवलेल्या कॉलेजच्या वायफायच्या कागदाकडं पाहिलं, आणि शेजारच्या मैत्रिणीला म्हणाली, “तुझा हॉटस्पॉट चालू कर गं, पटकन.” परीक्षक टेबलाशी पोचले तेव्हा पडद्यावर एकेक आकडा सुटासुटा उतरत होता. तिचा आवाज पहिल्या दोन वाक्यांत कापला, मग नाही. त्यांनी बरंच विचारलं. एकानं पेटी हातात घेऊन पाहिली. जाताना ते म्हणाले, “छान. हे खरंच गोदामात लावा.”

ती वळली. मी उभा होतोच. मी हात पुढं केला. तिनं माझा हात धरला, जोरात धरला, आणि माझ्या खांद्यावरून मागं बघत म्हणाली, “आण्णा कुठायत?”

“असतील बाहेर.”

“बोलवा ना त्यांना, पप्पा. लवकर.”

फाटकाजवळच्या टपरीपाशी आण्णा उभे होते. हातातल्या चहावर साय धरली होती, घोटभरसुद्धा घेतला नव्हता. मला पाहून ते चार पावलं पुढं आले. इस्त्रीच्या शर्टाला काखेत घामाचे मोठे डाग पडले होते.

“माज्यानं बगवंना वो,” ते म्हणाले. “लोकांचे काटे बंद पडले की मला गंमत वाटती. पर हितं न्हाई वाटली. काय झालं? चाललं का?”

मी टपरीच्या बाकाकडं वळलो.

“काय लिवलं हुतं? रिफ्यूज्ड का टाइम्ड आउट? का नुसतंच अडकलं? कुणी सोडवलं, तुमी का तिनं? आवं दिवाणजी, बोला की!”

पहिल्यांदाच असं झालं होतं की काय झालं ते मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं. त्या हॉलमध्ये मी होतो, ते नव्हते. तिचा लाल झालेला कान मी पाहिला होता. तिनं मान वर केली तो क्षण मी पाहिला होता. हे त्यांना कुणी कितीही चांगलं सांगितलं तरी ते ऐकीवच राहणार होतं.

मी बाकावर बसलो आणि चहा सांगितला. टपरीवाल्यानं उकळता चहा काचेच्या ग्लासात गाळून दिला. मी फुंकर घालत सावकाश प्यालो. आण्णा समोर उभे राहून माझ्या तोंडाकडं बघत होते.

“आवं, मी हात जोडतो. एवढं सांगा, पोरगी रडली का?”

ग्लास रिकामा झाला. मी तो बाकावर ठेवला, रुमालानं ओठ पुसले आणि टपरीवाल्याला म्हटलं, “आणखी एक द्या.”